चिनी घोडेस्वारिणीला प्रदक्षिणा

सर्व संबंधितांना, तसेच ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशा सर्वांना, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आयर्लंड देशी, किल्डेअर परगण्यात, एका भिजक्या रविवारी दुपारी, चांगल्या शिकल्यासवरलेल्या मराठी माणसांच्या एका जथ्याने एका चिनी बाईला अनवाणी प्रदक्षिणा घातली. बाई मातीची होती आणि घोड्यावर बसलेली होती. वय साधारण तेराशे वर्षं. माणसं पूर्ण शुद्धीवर होती. या प्रकाराची दखल कुठल्याही वर्तमानपत्राने न घेतल्यामुळे ती जबाबदारी माझ्यावर येऊन पडली आहे. मी त्या रांगेत होतो, शिवाय माझ्या डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, त्यामुळे मला सगळं नीट आठवतं.

या सगळ्याच्या मुळाशी माझी बायको. पुण्यात ती कॉलेजात इतिहास शिकवायची, आणि मुलं तिच्या तासाला स्वतःहून बसायची. मग मला इकडे आयर्लंडात, चेरीवूडला नोकरी लागली, आम्ही ॲडम्सटाउनला घर घेतलं, आणि तिच्या इतिहासाला गिऱ्हाईक उरलं नाही. अर्जाला उत्तर यायचं ते फार गोड यायचं. तुमचा अनुभव उत्तम आहे, फक्त तो इथला नाही. इथला अनुभव इथे काम केल्याशिवाय मिळत नाही, आणि काम त्या अनुभवाशिवाय देत नाहीत. मग ती एका शाळेच्या ऑफिसात बसली, पुढे एका दातांच्या दवाखान्यात फोन घेऊ लागली. तिथे दाढदुखीने कळवळणाऱ्या एका माणसाला तिने जुन्या काळी दात कसे उपटत ते सविस्तर सांगितलं, आणि तो एकदम शांत झाला. तिच्या मते ऐकता ऐकता दुखणं विसरला. माझ्या मते घाबरला.

तर अशात किल्डेअरच्या एका छोट्या खासगी संग्रहालयाला शनिवार-रविवारसाठी गाइड हवा आहे असं तिला कळलं. एका जुन्या जमीनदार घराण्याची हवेली, तिचा निम्मा भाग लोकांना पाहायला खुला. तिथे कुणा संग्राहकाकडून काही महिन्यांसाठी चीनमधल्या मातीच्या मूर्ती आलेल्या होत्या, सगळ्या घोड्यावर बसलेल्या बायकांच्या. त्या परगण्यात माणसाआधी घोड्याची वंशावळ विचारतात, तेव्हा तिथे असलं प्रदर्शन भरणं रास्तच होतं. बायकोची मुलाखत झाली, दोघांची नावं पुढे गेली. दुसरा उमेदवार मातीच्या भांड्यांवरच प्रबंध लिहिणारा एक तरुण. शेवटची परीक्षा अशी की आपापला प्रेक्षकवर्ग घेऊन यायचा आणि त्याला प्रदर्शन दाखवायचं. तरुणाची फेरी आदल्या रविवारी झाली होती. तो उत्तम बोलला असं बायको कुठूनतरी ऐकून आली आणि त्या रात्री तिने आमटीत मीठच घातलं नाही.

संग्रहालयाच्या प्रमुख बाई उंच, आखूड पिकल्या केसांच्या, चिखलाचे बूट घालून कार्पेटवरून चालणाऱ्या. मुलाखतीत त्यांनी एकच तक्रार केली होती. लोक येतात, मूर्तीचा फोटो काढतात आणि चहा कुठे मिळतो विचारतात. त्यांना असा गाइड हवा होता की ज्याच्यामुळे लोक बघतील. बाकी प्रत्येक गोष्टीला त्या "ग्रँड" म्हणायच्या. आयर्लंडात ग्रँड म्हणजे छान, ग्रँड म्हणजे ठीक, आणि ग्रँड म्हणजे माझा पाय मोडलाय पण तुम्ही काळजी करू नका. मुलाखतीतला ग्रँड यातला कुठला, यावर आमच्या घरी आठवडाभर खल झाला.

तालीम स्वयंपाकघरात चालायची. घोड्याच्या जागी कुकर आणि त्याच्यावर स्वार म्हणून लाकडी मिरपूडदाणी. मी प्रेक्षक. बायको ओट्याला पाठ लावून उभी राहायची आणि सांगायची की त्या काळी चिनी राजधानीत खानदानी बायका राजरोस घोडा पिटाळत रस्त्याने जात. दोन्हीकडे पाय टाकून बसत, पुरुषी अंगरखे घालत, हातात काठी घेऊन पोलोसुद्धा खेळत. बघा, म्हणायची, अंगावर मधासारखा, पानासारखा आणि सायीसारखा रंग कसा ओघळलाय, आणि चेहरा मात्र कोराच ठेवून मग वरून रंगवलाय. मी कुकरकडे बघायचो. मुठी बघा, म्हणायची. मुठींत भोकं आहेत. लगाम खरा होता, दोरीचा किंवा कातड्याचा. तो कधीच कुजून गेला, बाईने मूठ मात्र सोडलेली नाही.

इथे मी नेहमी विचारायचो की चहा कुठे मिळतो. तिसऱ्यांदा विचारल्यावर तिने मिरपूडदाणी उचलली आणि मला बजावलं, "रविवारी तू एक शब्द बोलायचा नाहीस. मान हलवलीस तरी चालेल, पण बेताने."

प्रेक्षक जमवायचं काम मात्र माझ्याकडे. ते मी मराठी माणसाला साजेशा पद्धतीने केलं, म्हणजे बटाटेवड्यांचा शब्द देऊन. वस्तीतली दोन-तीन कुटुंबं तयार झाली, ग्रँड कॅनाल डॉकजवळच्या कंपन्यांत काम करणारी एकटी राहणारी काही मुलंमुली तयार झाली, आणि सरकारी दवाखान्यातला आमचा एक डॉक्टर मित्र आईला घेऊन यायला तयार झाला. त्याची आई कराडकडच्या एका गावातली. सगळे तिला मावशी म्हणायचे. तिचे यजमान आदल्या वर्षी गेले होते, म्हणून मुलगा तिला घेऊन आला होता. दिवसभर ती खिडकीत बसून, शेजारच्या कुत्र्याला बाहेर कधी नेतात आणि आत कधी आणतात ते बघायची. बाहेर पडताना सुती नऊवारी, वर मुलाचं दवाखान्याचं जाकीट, पायांत पांढरे बूट. विचारलं, येणार का, तर म्हणाली, "घोडं बगायचं आसंल तर येते. बाई बी हाय म्हनं वर."

रविवारी पाऊस रिमझिम होता. चार गाड्या एकामागोमाग निघाल्या, त्यातल्या दोन चुकल्या, आणि आपल्या परंपरेचा मान राखून सगळे अर्धा तास उशिरा पोचले. बायको आधीच येऊन थांबली होती. प्रमुख बाई छत्र्या ठेवायच्या पिंपाशी उभ्या. उशीर झाला त्याबद्दल बायकोने माफी मागितली, बाई म्हणाल्या, ग्रँड. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी बेताने मान हलवली. आमच्याबरोबर एक वयस्कर आयरिश जोडपंही आत आलं, सहज फिरायला आलेलं. नवरा जन्मभर घोड्यांत राहिलेला वाटत होता, चालही तशीच फेंगडी.

प्रदर्शनाची खोली हवेलीच्या मागच्या अंगाला होती, पूर्वी जिथे खोगिरं आणि लगाम टांगत ती. दगडी भिंती, बुटकं दार, आणि दाराला चांगला वीतभर उंच दगडी उंबरा. रंग उडू नयेत म्हणून आत उजेड जवळजवळ नव्हताच. भिंतींतल्या कोनाड्यांत काही मूर्ती होत्या, आणि मधोमध एकटी, चारही बाजूंनी काच असलेल्या पेटीत, डोक्यावर एकच मंद दिवा घेऊन ती बाई घोड्यावर बसलेली. गाल गुबगुबीत, केसांचा वर बांधलेला बुचडा, नजर जराशी खाली. मराठी माणसाला पुढे काय झालं ते सांगायची गरज पडू नये, तरी सांगतो.

बायको आधी आत गेली आणि मूर्तीकडे तोंड करून उभी राहिली. श्वास घ्यायला, असं ती म्हणते. तिच्यामागून मावशी. मावशी दारापाशी थबकली, आत पाहिलं, वाकून उंबऱ्याला हात लावला, तो हात कपाळाला लावला, आणि पांढरे बूट काढून दाराच्या कडेला ठेवले. डॉक्टर मित्र मागे होता. त्याने आईचे बूट पाहिले आणि आपलेही काढले. पुढे तर प्रश्नच नव्हता. आपल्याकडे दारात दोन जोड दिसले की तिसरा आपोआप निघतो. मोठमोठ्या कंपन्यांत संगणकाला अक्कल शिकवणारी मुलं एका पायावर उभं राहून नाडे सोडू लागली. मीही काढले. बोलायची बंदी होती, बूट काढायची नव्हती.

आयरिश जोडप्याने हे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि इथला नियमच असावा अशा समजुतीने तेही खाली वाकले. नवऱ्याचे मोजे लाल लोकरीचे होते. प्रमुख बाई बाहेरचं दार लावून सर्वांत शेवटी आल्या, तर त्यांच्या संग्रहालयाच्या दारात ओल्या बुटांची ही रांग. त्या क्षणभर थांबल्या. मग भिंतीला धरून त्यांनीही आपले चिखलाचे बूट काढले.

बायको वळली. तिच्या समोर आता तिचा सगळा प्रेक्षकवर्ग, तिची भावी वरिष्ठ धरून, अनवाणी उभा होता आणि त्यातल्या तिघाचौघांचे हात जोडलेले होते. तिचा चेहरा मी इतक्या वर्षांत बऱ्याच प्रसंगी पाहिलाय. हा नवीन होता. तिने जे पाठ केलं होतं त्यात सगळ्यांना समोर उभं करून बोलायचं होतं. ती "नमस्कार" म्हणणार एवढ्यात मावशी डावीकडून निघाली, काचेच्या पेटीला उजव्या हाताशी ठेवून. तिच्यामागे मुलगा, मग मी, मग बाकीचे, आणि खोली एवढीशी की जो चालणार नाही तो वाटेत येणार. सगळी मंडळी संथपणे फिरू लागली. लाल मोजे अगदी जपून पावलं टाकत होते.

मी बायकोकडे बघत होतो. आता ती सगळ्यांना थांबवेल असं मला वाटलं. तिला काय वाटत होतं ते नंतर तिने सांगितलं. वाटत होतं, झालं, संपलं, एका परीक्षेचं मी देऊळ केलं. पण दातांच्या दवाखान्यातली सवय म्हणा किंवा कॉलेजातली, तिने इंग्रजीतून बोलायला सुरुवात केली, आणि जो ज्या बाजूला असेल त्याला त्या बाजूचं सांगू लागली. समोरच्यांना चेहरा, बाजूच्यांना रिकिबीतला पाय आणि रिकाम्या मुठी, मागच्यांना घोड्याची गाठ मारलेली शेपटी. मध्येच एक वाक्य मावशीसाठी मराठीत. माणसं फिरत होती, ती बोलत होती, आणि कुणाच्याही हातात फोन नव्हता. एरवी आला असता, पण देवासमोर फोन कोण काढतो.

आणि मग तिचं ते वाक्य जवळ आलं. स्वयंपाकघरात मी ते कितीतरी वेळा ऐकलेलं होतं. या मूर्ती कुणी बघाव्यात म्हणून केलेल्याच नव्हत्या. माणूस मेला की त्याच्या थडग्यात त्याच्याबरोबर पुरायला त्या केल्या जात.

डॉक्टर मित्राला ते ठाऊक होतं, त्याने माहितीचा फलक वाचला होता. त्याने आईच्या डोक्यावरून बायकोला खुणा करायला सुरुवात केली, नको, नको. त्याचंही बरोबर होतं. उंबऱ्याला हात लावून आत आलेल्या बाईला, वर्षभरापूर्वी घरातलं माणूस गेलेल्या बाईला, तू मढ्याजवळच्या वस्तूला हात जोडलेस, असं कोण सांगणार? आणि दाराशी प्रमुख बाई, अनवाणी, हाताची घडी घालून. बायकोने हे वाक्य गाळलं असतं तर त्यांच्या लक्षात आलंच असतं. ते वाक्य हेच तर प्रदर्शन होतं.

बायकोने ते इंग्रजीतून सांगितलं. फिरणारी रांग थांबली. मावशीला शब्द कळले नाहीत, थांबणं कळलं.

"काय म्हनली?" तिने मुलाला विचारलं. मुलगा म्हणाला, काही नाही गं, जुन्या काळचं काहीतरी. मावशीने त्याच्याकडे, लहानपणी तो खोटं बोलायचा तेव्हा बघत असेल तसं पाहिलं आणि बायकोकडे वळली.

बायको तिच्याजवळ गेली. तिने खाली वाकून, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, "मावशी, ही देवाची मूर्ती नाही. तिकडे माणूस गेलं की त्याच्याबरोबर अशी मूर्ती पुरायचे. पुढच्या वाटेला सोबत म्हणून."

ओल्या मोज्यांना गार फरशी लागत होती. मावशीने जोडलेले हात सोडले. मग ती पुन्हा चालायला लागली, एकटीच, पेटीला वळसा घालून मागच्या बाजूला गेली आणि तिथे काचेशी नाक लावून उभी राहिली. खोगिराच्या मागे, घोड्याच्या पाठीवर, एक गुंडाळी बांधलेली होती. बायकोच्या पाठांतरात ती नव्हती. माहितीच्या फलकावरही नव्हती.

"वळकटी घेतलीया बरूबर," मावशी म्हणाली. "म्हंजे अजून वाटंतच हाय म्हना की."

आणि मग वळकटीत काय असेल हा विषय निघाला. तो मावशीनेच काढला. तिच्या मते एक धडुतं, एक पांघरूण आणि भाकरी. कुणी म्हणालं, चीनमध्ये भाकरी कुठली. मावशी म्हणाली, त्येंची काय आसंल ती भाकरी. बायकोने हे आयरिश जोडप्याला इंग्रजीतून सांगितलं. लाल मोजेवाले म्हणाले की त्यांच्या मते घोड्याचे ओट्स असणार, शहाणा माणूस आधी घोड्याचं बघतो. त्यांच्या बायकोचं म्हणणं, रेनकोट. डॉकजवळच्या कंपन्यांतल्या एका मुलीने खाली वाकून बघितलं आणि गाठ दुहेरी आहे असं जाहीर केलं, त्याअर्थी प्रवास लांबचा. दुसरा म्हणाला, गाठ एकेरीच आहे, तुझा चष्मा आण. सगळे काचेच्या मागच्या बाजूला गोळा झाले आणि बाईच्या गुबगुबीत गालांकडे बघायला समोर कुणी उरलं नाही. बायको मध्ये उभी राहून कुणाला दुरुस्त करत होती, कुणाच्या बोलण्यात भर घालत होती, आणि जे तिला माहीत नव्हतं ते माहीत नाही म्हणत होती. पुण्याच्या वर्गात ती अशीच दिसत असणार. मी तिचा तास कधी बघितला नव्हता.

प्रमुख बाईही गर्दीत शिरल्या आणि दोन खांद्यांच्या मधून वळकटी बघू लागल्या. मग बायकोला म्हणाल्या की मूर्ती पेटीत त्यांनीच ठेवली होती, पण पाठीकडून काही त्यांनी ती पाहिली नव्हती.

निकाल समिती देणार आणि पत्राने कळवणार असं ठरलेलं होतं. मंडळी बाहेर पडू लागली, दारात बुटांची अदलाबदल झाली, आयरिश नवरा एका पायावर उभा राहून माझ्याकडे बटाटेवड्यांची चौकशी करू लागला, कारण तोवर ती बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. मी बंदी मोडून त्याला आमंत्रण दिलं. प्रमुख बाई बायकोला कोपऱ्यात घेऊन हळू आवाजात बोलत होत्या. समिती म्हणजे त्या आणि त्यांची धाकटी बहीण, असं त्या म्हणाल्या, आणि बहीण त्यांचं ऐकते. पत्र यायचं तेव्हा येईल. येत्या शनिवारपासून सुरुवात करता येईल का?

बायकोने हो म्हटलं. मग ती हातातला रुमाल उलटसुलट घडी करत राहिली.

मावशी अजून खोलीतच होती, पेटीशी. तिने मुलाला विचारलं की ती उंच बाई काय म्हणाली. त्याने या वेळी खरं ते सांगितलं. मावशीने बायकोकडे एकदा पाहिलं, मग पुढे वाकून काचेला जवळजवळ कपाळ टेकवलं, आणि पार बाहेर चहा पिणाऱ्यांनी वळून पाहावं एवढ्या खणखणीत आवाजात त्या घोडेस्वारिणीला म्हणाली, "बग गं बाये, हिला काम लागलं. आता तू तेवढी सुखरूप पोच."